निम्म्या शक्तीचा चार्जर

लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा जयवंत घाडीगावकर हा अत्यंत व्यवस्थित माणूस होता. परळच्या एका कार्यालयात संगणकांची देखभाल करणे ही त्याची नोकरी. तिथल्या त्याच्या कपाटातील प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधलेली असे. वडील गेले तेव्हा शिक्षण सोडून तो कामाला लागला होता. धाकट्या स्वप्नीलला त्यानेच शिकवले आणि गेम खेळण्यासाठी लागणारा भारी लॅपटॉपही हौसेने घेऊन दिला. पुढे स्वप्नीलचे नाव झाले. त्याचे सामने मोबाइलवर पाहणारी पोरे जिन्यात बसलेली दिसू लागली. एकदा गॅलरीत एका नव्या भाडेकरूने जयवंतला अडवून विचारले, "तुम्ही स्वप्नीलचे भाऊ ना?"

जयवंत हसून "हो" म्हणाला. त्याच आठवड्यात त्याने कार्यालयातून एक चार्जर घरी आणला.

दिसायला तो स्वप्नीलच्या चार्जरसारखाच होता, पिनही तीच. शक्ती मात्र निम्मी. घरात कोणी नसताना त्याने तो पलंगाखालच्या सॉकेटला लावला, मूळचा आपल्या बॅगेत टाकला, आणि चार्जर कमी शक्तीचा असल्याचा इशारा पडद्यावर उमटला तेव्हा तो पुन्हा कधी दिसू नये अशी व्यवस्था केली. पुढे काय होणार हे त्याला ठाऊक होते. सुरुवातीला यंत्र नीट धावेल, कमी पडणारी वीज बॅटरीतून ओढून घेईल, आणि बॅटरी उतरली की ऐन रंगात आलेल्या सामन्यात गळाठून जाईल. महिनाअखेरीस बंगळूरच्या एका संघाची निवड चाचणी होती. तीत निवड झाली, तर स्वप्नील पगारी खेळाडू म्हणून तिकडे जाणार होता.

"दादा, परत लॅग मारतोय रे. मस्त चाललेलं, नि एकदम स्लाइड शो."

"पाहू. घाई करायची नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

एका रविवारी जयवंतने लॅपटॉपची पाठ उघडून पंख्यांतली धूळ ब्रशने काढली. पुढच्या रविवारी प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसून नवा लावला. मग ड्रायव्हर सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातले. कामात कसूर म्हणून नव्हती. तो इतका तल्लीन होई, की आपण दोष शोधत आहोत असे मधूनमधून त्याला खरेच वाटे. स्वप्नील शेजारी टॉर्च धरून मुकाट्याने बसे. जयवंतला ते रविवार फार आवडले.

"टीममधला निलेश बोलतो, चार्जर चेक कर."

"मी तपासलाय. तरी बोलाव त्याला. तो करील दुरुस्त."

"तसं नाय रे दादा. सॉरी."

जयवंतने मान वळवून ओट्याकडे पाहिले. त्यांची आई, सुभद्राबाई, बांगडे तळत होत्या.

"या खोलीची हवाच तेलकट," तो म्हणाला. "तळणाची वाफ थेट पंख्यात जाते. मी किती पुसणार?"

"आई, बंद कर ते," स्वप्नील म्हणाला. "माझं करिअर तळतेयस तू."

"माका काय कळता त्यातला," म्हणत सुभद्राबाईंनी गॅस बंद केला आणि अर्धेकच्चे बांगडे शेजारी नेऊन दिले. त्यानंतर घरात फोडणीसुद्धा पडली नाही. पेज आणि उकडलेल्या भाज्या जेवताना जयवंत म्हणे, "बरं आहे. पोटाला हलकं."

चाचणीच्या दिवशी चूल पेटलीच नाही. सुभद्राबाई दुपारभर गॅलरीत स्टुलावर बसून राहिल्या. जयवंत रजा घेऊन भावाच्या पाठीशी बसला. पहिला सामना स्वप्नील अप्रतिम खेळला. दुसऱ्यात त्याचा खेळाडू पडद्यावर खांबासारखा थबकला. स्वप्नील बटणे दाबत राहिला, आणि समोरच्याने सावकाश नेम धरून त्याला टिपले. पुढेही तेच झाले. संध्याकाळी संघाचा निरोप आला. दुसरा मुलगा घेतला होता.

सुभद्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय झाला?" मग दोघांचे चेहरे पाहून त्याच चाचरत म्हणाल्या, "मिया आज सकाळी देवाकडे एकच उदबत्ती लावलंय रे. तुझ्यासाठीच. तेच्यान तर काय झाला नाय ना?"

स्वप्नीलने दादाकडे पाहिले. "नाही" एवढा एक शब्द पुरेसा होता. जयवंतने चष्मा पुसला.

"उदबत्तीचा धूर बारीक असतो, आई," तो शांतपणे म्हणाला. "तोच सगळ्यात आत जातो."

सुभद्राबाईंनी मान डोलावली. थोरल्याचे या बाबतीत कधी चुकत नसे.

स्वप्नील आरडाओरडा करून मोकळा झाला असता तरी बरे होते. त्याने आईशी बोलणेच सोडले. भात वाढू का, असे तिने विचारले, की तो म्हणे, "दादा, हिला सांग, मला भूक नाय." आणि जयवंत ते तिला सांगे, जणू ती तिथे नव्हतीच.

काही दिवसांनी स्वप्नीलने लॅपटॉप कपाटावर टाकला. मग म्हणाला, "दादा, तुझ्या ऑफिसात काही असेल तर बघ ना माझ्यासाठी."

"बघतो," जयवंत म्हणाला. "आधी केस कापून ये."