तीन दिवस लागतील

पद्मजा खांबेटे आमच्या पिंपरीच्या कंपनीत टायपिस्ट होत्या. चिंचवडला आमच्याच आळीत आईबरोबर राहत. वडील लवकर गेले. धाकट्या सुरेंद्रचं इंजिनिअरिंग बाईंच्या पगारावर झालं आणि तो लंडनला गेला. स्वतःच्या लग्नाचं त्या 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत राहिल्या.

१९७४ च्या मार्चमध्ये डॉक्टरांनी आईची आशा सोडली. बाईंनी सुरेंद्रला तार केली. उलट तार आली : 'यायला तीन दिवस लागतात. वाट पाहू नका.' म्हातारी तरी दाराची कडी वाजली की मान वळवायची. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

कामावर परतल्यावर बाई माझ्या टेबलाशी आल्या. साहेबलोकांची प्रवासबिलं मी तपासत असे, त्यामुळे विमानांचं वेळापत्रक माझ्याकडे असायचं.

"हरिहरराव, लंडनहून मुंबईला किती वेळ लागतो?"

मी पाहून सांगितलं, "अंतर सात हजार किलोमीटरच्या वर आहे. वाटेत एक थांबा धरला तरी अकरा तास."

"आणि मुंबईहून चिंचवड?"

"टॅक्सीनं चार."

"म्हणजे आईला दिसला असता," एवढंच म्हणून त्या जागेवर जाऊन टाइप करू लागल्या.

भावाला त्यांनी जाब विचारला नाही. खुशालीची पत्रं चालू ठेवली. मला वाटलं, विसरल्या.

चार वर्षांनी सुरेंद्र बायको आणि तान्हा मुलगा घेऊन आला. बारसं पुण्याला, सासुरवाडीत. बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्याने, आणि आत्या ही एकच. बाईंनी झबलं-टोपडं हातांनी शिवलं. पण बारशाच्या दिवशी दुपारी त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. दारात टॅक्सी थांबली. सुरेंद्र घामाघूम होऊन उतरला.

"ताई, अगं काय हे! पाळणा सजलाय, बायका खोळंबल्यात. नाव कोण सांगणार?"

"येते ना. तीन दिवस लागतील."

"चिंचवडहून पुण्याला? थट्टा करतेस?"

"लंडनहून मुंबईला अकरा तास लागतात म्हणे. विचार, हरिहरराव हे काय समोर उभे आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली.

"ताई, नोकरी नवी होती गं. रजा मागितली असती तर..."

"मग तसं कळवायचंस. मी तिला तीन दिवस सांगितले. तिला वाटलं, तू निघालास."

तो खाली बघत म्हणाला, "परवा रात्री आमचं विमान आहे."

"ठाऊक आहे. वाट पाहू नका."

नाव शेवटी मावशीने सांगितलं.

बरोबर तीन दिवसांनी बाई इस्त्रीचं पातळ नेसून, झबलं-टोपडं पिशवीत घालून पुण्याला गेल्या. पाळणा अजून टांगलेला होता. सुरेंद्रची सासू दचकलीच. "अहो, ते कालच गेले की!"

"हो का? मी तर सांगितल्या दिवशी आले."

झबलं रिकाम्या पाळण्यात ठेवून, चहालाही न थांबता त्या परत फिरल्या. दुसऱ्या दिवशी ऑफिसात हे मला सांगताना त्या अगदी मजेत होत्या. चार वर्षांत त्यांना तसं पाहिलं नव्हतं.