खोव्याच्या जिलेबीवर लागलेली पैज

आमचे शेजारी गणपतराव लांजेवार, खमरियाच्या दारूगोळा फॅक्टरीतून निवृत्त झालेले, निवडणुकांचे निकाल आधीच सांगतात. ते खरेही ठरतात, आणि याचा मला फार राग येतो. टीव्हीवरचे पंडित तोंडघशी पडतात, हे मात्र ओट्यावर पाटी टांगून बरोबर. त्यांची रीत साधी. अधारतालच्या आमच्या गल्लीत ज्याला जो निवडून येईल असं वाटेल, त्याच्यावर त्यानं खोव्याची, म्हणजे खव्याची, जिलेबी लावायची. मतदान संपेपर्यंत पैज फिरवायची मुभा. ज्याच्या नावावर जास्त जिलेब्या, तो निवडून येणार. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना खाऊ घालायचं.

"मत मनानं देतात लोक, पैज डोक्यानं लावतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

यंदा ते स्वतःच आमच्या गल्लीतल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले, गल्लीतल्याच पूर्णिमाताईंच्या विरुद्ध. गणपतीत आरतीचं ताट आधी आपल्या हातात यावं, ही त्यांची नोकरीत असल्यापासूनची हौस. पाटीवर दोघांच्या जिलेब्या बरोबरीत होत्या.

मतदानाच्या सकाळी त्यांच्या बायकोनं, राधाबाईंनी, आपली जिलेबी पूर्णिमाताईंवर लावली.

"काहून?" गणपतरावांचा चेहरा पडला.

"डोक्यानं लावली. तुमीच तं सांगता ना."

झालं. घरचीच बाई उलटी गेली म्हटल्यावर दुपारपर्यंत सगळी गल्ली पूर्णिमाताईंकडे सरकली, माझ्यासकट. आणि हरणाऱ्यावर मत कोण वाया घालवणार? संध्याकाळी निकाल लागला. गणपतरावांना एक मत.

"स्वतःचंच असेल," म्हणत मंडळ हसलं. मी जरा जास्तच हसले.

पाटीवर त्यांच्या नावापुढे त्यांची एकट्याचीच जिलेबी उरली होती, म्हणजे सगळ्या गल्लीला खाऊ घालणं त्यांच्याच गळ्यात. बिचारे पिशव्या भरून घेऊन आले. ओट्यावर माझ्या हातात पुडा देताना हळूच म्हणाले, "समिधा बेटा, ते मत माझं नव्हतं. सोतालेच मत देणं बरं नाही दिसत. मी पूर्णिमाले देऊन आलो."

त्यांनी पिशवीतली सगळ्यात मोठी जिलेबी निवडली आणि आत पोळ्या लाटणाऱ्या राधाबाईंपुढे नेऊन ठेवली.

"मत मले देलं, मंग जिलेबी तिच्यावर काहून?"

राधाबाईंनी पोळी तव्यावर टाकली.

"मत तं वाया जाणारच होतं," त्या म्हणाल्या. "जिलेबी काहून जाऊ देऊ?"