आमचं मंडळ हॉलमध्ये गेलं

आज कुणी मला कलाकार म्हटलं की हसू येतं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की मी रुसायची. रायपूर नुकतंच राजधानी झालेलं, आणि खांद्याला शबनम, कपाळावर रुपयाएवढं कुंकू असं माझं ध्यान समता कॉलनीतून निघून बीरगांवला जायचं.

तिथल्या एका पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आम्ही चित्रं काढणाऱ्या मैत्रिणींनी वस्तीतल्या बायकांचं मंडळ काढलं होतं. त्यांचे नवरे कारखान्यांत. कुणी ओडिया, कुणी तेलुगू, कुणी इथलीच छत्तीसगढी, आणि एक आपली भंडाऱ्याची. दारापुढं रांगोळी काढायची प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. मंडळाचा नियम एवढाच, की एकीची रेघ तिच्या उंबऱ्याशी जिथं संपेल तिथून शेजारणीनं पुढं न्यायची. ओडिया बाईची तांदळाच्या पिठाची वेल तेलुगू बाईच्या ठिपक्यांत शिरायची. नळावर भांडलेल्या दोघींनाही मग बोलावं लागायचं, निदान "सरक तिकडं" इतकं तरी.

दहाएक वर्षांनी रस्ता रुंद करायचं निघालं. अंगणं जाणार, म्हणजे मंडळही जाणार. आम्ही सरकारकडं जागा मागितली आणि चक्क पंचवीसेक किलोमीटरवर नव्यानं वसवलेल्या नव्या रायपुरात हॉल मिळाला! कडक इस्त्रीची साडी नेसून मी भाषण ठोकलं, "कला आता राजधानीत आली आहे!"

भंडाऱ्याची म्हणाली, "कला आली बाई, पण आमी कशानं येऊ?"

सगळ्या खिदळल्या. मी डोळे वटारले.

पहिल्या दिवशी मेटाडोर करून सगळ्यांना नेलं. काळ्या ग्रॅनाइटची लांबरुंद फरशी, तोंड दिसेल अशी. ओडिया बाई पिठाची वाटी घेऊन उभीच. "दीदी, किसके दरवाजे से चालू करें?"

आता मी पडले विदुषी! खडू घेतला आणि फरशीवर ओळीनं उंबरे आखले.

"अवो, ह्या उंबऱ्याच्या आत कोन राह्यते?" भंडाऱ्याचीनं विचारलं. ह्या वेळी कुणी हसलं नाही. प्रत्येकीनं एकेक कोपरा धरून आपापलं काढलं. पीठ वाळून पापुद्र्यासारखं सुटलं, आणि चौकीदारानं पोछा मारला.

पुढच्या खेपेला निम्म्या आल्या. बस कधी यायची, कधी नाही. रुंद रस्त्यावरून गाड्या सुसाट जायच्या, थांबत कुणी नसे. शेवटी एकटी ओडिया बाई यायची, मग तीही यायची थांबली. मी बीरगांवला गेले तर अंगणांवर डांबर पडलेलं, बायका भाड्याच्या खोल्यांत पांगलेल्या. भंडाऱ्याची तेवढी भेटली.

"काहून येत नाही ग?"

"तिकडं जाले अख्खा दिवस जाते, बाई. अन् इकडं काढाले जागा कुठं राह्यली? मले तर आता वेल वळवताच येत नाही."

तिनं चहा पाजला.

हॉलची चावी परत द्यायला गेले. बाबूनं ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि आपुलकीनं म्हणाला, "मैडम, और कोई संस्था हो तो भेजिए, हॉल खाली पड़ा है।"

मी तिथल्या बोलीत 'हव', म्हणजे 'हो', म्हणाले. पाठवायला तेव्हा कुणी नव्हतं, अजूनही नाही.