साक्षीला आलेला भाऊ
उदाचा वास आला की अजून माझं डोकं सणकतं. दुबईत अरबाबानं, म्हणजे मालकानं, मी काम सोडून पळालो अशी खोटी तक्रार दिली आणि मला देशाबाहेर हाकलायचा हुकूम निघाला. मी अपील केलं. साक्षीला माझ्याच सोबत काम करणारा आपला मराठी माणूस होता. बायकोला सख्खा भाऊ नव्हता. दुबईतल्या मनखूल भागातल्या आमच्या खोलीत ती दर भाऊबीजेला त्यालाच ओवाळायची. कोर्टाच्या दारात तो म्हणाला, “दाजी, टेन्शन कशाला? आज केस खलास, इन्शाल्ला!” आत गेल्यावर त्यानं सांगितलं, “हा कामावर येतच नव्हता.” शेजारी मालक बसलेला, कपड्यांना उदाचा घमघमाट. आम्ही कायमचे गावी आलो. यंदा ती गेली, तेव्हा तिला नेसवायची माहेरची साडी मीच बाजारातून आणली.