राजश्रीचं फोल्डर

चार प्रोग्रामर एका खोलीत बसले की कोडपेक्षा किस्सेच जास्त साठतात. कोल्हापुरातल्या आमच्या ऑफिसात तर निम्मे किस्से एकट्या राजश्रीचे!

आम्ही डेअऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. प्रत्येक गावच्या दूध संकलन केंद्राची वेगळी फाईल. नवी फाईल केली की तिचं नाव मुख्य प्रोग्रामच्या सुरुवातीला लिहायचं, म्हणजे ती इम्पोर्ट करायची. केंद्रं वाढली, तशा ओळी वाढल्या. आणि आमचा सागर ती ओळ हमखास विसरायचा! मग फोन यायचा, "ओ पावणं, मशीन चालू हाय, पण आमचं गावच दिसंना की!"

शेवटी राजश्री वैतागली. "प्रत्येकीला नाव घेऊन हाक मारायची व्हय? फोल्डरात बसल्यात न्हवं सगळ्या? मग तिथंच बघ म्हणावं!" दुपारपर्यंत तिनं प्रोग्रामला स्वतः फोल्डरमध्ये डोकावून फायली उचलायला शिकवलं. इम्पोर्टची ती लांबलचक रांग पुसली तेव्हा आम्ही चक्क टाळ्या वाजवल्या.

*

पहिल्याच डेमोला प्रोग्रामनं सागरची गमतीची फाईलसुद्धा उचलली! चेअरमनसाहेबांच्या हातात दुधाची पावती आली. खाली छापलेलं, 'सागर लय भारी!'

साहेबांनी चष्मा वर सरकवला. "ह्यो कुणाचा रेडा?"

तेव्हापासून जिचं नाव 'केंद्र'नं सुरू होतं तीच फाईल प्रोग्रामनं घ्यायची, असा राजश्रीचा नियम.

*

एकदा दुधाचा दर काढणारी फाईल फॅट मोजणाऱ्या फाईलची वाट बघत बसली, आणि फॅटची दराच्या फाईलची. प्रोग्राम जागचा हलेना. आम्ही सकाळभर डोकं धरून!

राजश्रीनं एक नजर टाकली. "दोघीबी दारात 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभ्या हायत." दोघींना लागणारा भाग तिनं तिसऱ्या फाईलीत काढला. गाडी सुरू!

*

पुरात शिरोळकडची गावं पाण्यात गेली तेव्हा राजश्री तिथंच माहेरी होती. आईवडील आणि म्हशी घेऊन ती हातकणंगल्याच्या बाजूला एका शाळेत आली. लॅपटॉप घरी माळ्यावर राहिला. मैदानात गावभरची जनावरं. धारा तर काढायलाच हव्यात, पण दूध घालायचं कुठं?

डेअरीनं तिथंच तात्पुरतं केंद्र काढलं. काटा आला, टँकर आला, बायामाणसं किटल्या घेऊन उभी राहिली. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ते केंद्रच नव्हतं! ऑफिसात सागरनं घाईघाईनं फाईल बनवली. राजश्रीला फोन लावून स्पीकरवर टाकला. पलीकडं म्हशी रेकत होत्या.

"राजश्री, फाईल फोल्डरात टाकली. आता पुढं काय करू?"

"काय करू नगंस," ती म्हणाली. "दूध घ्या म्हणावं."