पाडलेल्यानं मारायची नाही

हेनिंग ल्युटकेनं चौदा वर्षं फुटबॉलवर पोट भरलं, आणि चौदा वर्षं त्याच्या बायकोनं, आल्मुटनं, खोकी भरली. दर दीड-दोन वर्षांनी नवा क्लब, नवं गाव, नवं भाड्याचं घर. पडदे दर वेळी एक तर लांब व्हायचे नाहीतर तोकडे. शेवटी तिनं पडदे शिवणंच सोडून दिलं.

हेनिंग फॉरवर्ड होता. फॉरवर्डनं गोल करायचे असतात हे शेंबडं पोरही सांगेल. पण याच्या नावावर गोल म्हणाल तर बोटांवर मोजण्याइतके. मग क्लब त्याला घेत होते कशाला? तर याची कला निराळीच. गोलकडे पाठ करून चेंडू छातीवर घ्यायचा, ढुंगण मागे काढून बचाववाल्याला रेटायचं आणि गर्रकन वळायचं. हा वळला की मागचा गडी हमखास याच्या घोट्यावर लाथ घालणार. शिट्टी वाजली, पेनल्टी! पडण्यात हेनिंगचा हात धरणारा साऱ्या दुसऱ्या लीगमध्ये कोणी नव्हता. आणि खोटा तो कधी पडला नाही. रविवारी सकाळी त्याचे घोटे पाहिले असते तर तुमचीही खात्री पटली असती. निळे, हिरवे, पिवळे, सगळे रंग.

बरं, एवढ्या लाथा खाऊन पेनल्टी मिळवली, तर हा गृहस्थ पुढे काय करायचा? उठायचा, चड्डीचं गवत झटकायचा, चेंडू उचलायचा आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा.

कारण आमच्याकडे जर्मनीत तशी रीत आहे. ज्याला पाडलं, त्यानं पेनल्टी मारायची नाही. नियमात कुठंही लिहिलेलं नाही, पण रेडिओवरचा माणूस म्हणतो, सॉसेजच्या गाडीवरचा म्हणतो, आणि जिनं जन्मात मैदान पाहिलं नाही ती म्हातारीही भाजी चिरता चिरता म्हणते. पाडलेला माणूस चिडलेला असतो, त्याचा पाय ठणकत असतो, म्हणून तो चुकतो, असं म्हणे. खरंखोटं कुणी पडताळलंय? छे! आमच्याकडे एकदा म्हटलं की म्हटलं.

सोमवारच्या पेपरात मग दुसऱ्याचंच नाव. गोल त्याचा, फोटो त्याचा. खाली बारीक अक्षरात 'ल्युटकेला पाडल्यामुळे मिळालेल्या पेनल्टीवर', आणि तेही जागा उरली तर. मोसम संपला की अध्यक्ष गोलांचा आकडा बघायचे आणि म्हणायचे, "माणूस सोन्यासारखा आहे हो, पण फॉरवर्ड आहे ना तो?" की निघाली खोकी तळघरातून वर.

"अरे, शेत नांगरलंस तू, पेरलंस तू, आणि गाडी भरून नेतोय दुसराच!" आल्मुट करवादायची.

"रीत आहे ती, आल्मुट."

"रीत! उद्या रीत म्हणून माझं लग्नही दुसऱ्याशी लावलं असतंस."

यावर हेनिंग हसायचा. त्याचं हे हसणंच तिच्या डोक्यात जायचं. भांडायला समोर कुणी तरी हवं ना! हा नुसता बटाटे सोलत बसायचा.

असे आठ क्लब झाल्यावर ती मंडळी होल्टरमूरला आली. गाव लहान. एक साखर कारखाना, एक कालवा आणि दुसऱ्या लीगमध्ये जेमतेम तग धरून असलेला क्लब. आल्मुट पोहायला शिकवायची. दर गावी तलावावर जाऊन हंगामी काम मागायची, पोरं जरा तरंगायला लागली की हिला निघावं लागायचं. होल्टरमूरच्या नगरपालिकेनं तिला कायम केलं. त्यांची मुलगी वीबके हिला इथं जिवाभावाची मैत्रीण मिळाली, आणि ती झोपेत बडबडायची थांबली. आल्मुटनं त्याच दिवशी हेनिंगला बजावलं, "ऐक. तुला जायचं तिथं जा. मी या गावातून हलणार नाही."

पण हलायचं की नाही हे ठरवणार होते डीकहोफ. क्लबचे अध्यक्ष, धंदा सॉसेजचा, माणूस रोखठोक. मेमध्ये त्यांनी हेनिंगला बोलावून घेतलं. "ल्युटके, मला फुटबॉलमधलं फार कळत नाही. मला एवढंच कळतं की खाटकानं मांस कापावं आणि फॉरवर्डनं गोल करावा. या मोसमात तुझा एक गोल नाही. शेवटच्या सामन्यात एक तरी कर, मग कराराचं बोलू. नाही जमलं तर राम राम."

शेवटचा सामना घरच्या मैदानावर होता. बरोबरी झाली असती तरी क्लब दुसऱ्या लीगमध्ये टिकला असता. सकाळी नाश्त्याला आल्मुटनं हेनिंगच्या पुढ्यातली अंड्याची बशी उचलून आपल्याकडे ओढली.

"आज तुला पाडलं तर मारायचीस तू. कळलं?"

"अगं, फोल्कमार मारतो. तो कप्तान आहे, आणि…"

"पाडलं कुणाला, फोल्कमारला? घोटे कुणाचे सुजतात? रात्री बर्फ कोण लावतं? मी लावते. मग त्या पेनल्टीवर माझा काही हक्क आहे की नाही?"

"लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? आठ गावांत तुला ओळखणारा एक माणूस दाखव, मग मला लोक सांग!"

हेनिंगनं चमचा खाली ठेवला. मग म्हणाला, "बरं." अंडं परत मिळालं.

आणि झालं अगदी तसंच. क्लब एका गोलानं मागं पडलेला, सामना संपत आलेला, आणि हेनिंगनं पाठीवर गडी घेऊन चेंडू थांबवला, वळला, आडवा झाला. पेनल्टी! मैदान उठून उभं राहिलं. फोल्कमार ब्रांडेस सवयीनं हात पुढं करून चालत आला.

हेनिंगनं चेंडू पोटाशी धरला.

"आण इकडे," फोल्कमार म्हणाला.

"मी मारतो."

"डोकं फिरलं काय तुझं? तुला पाडलंय!"

"कुणाला पाडलंय ते मला ठाऊक आहे. घोटा माझा आहे."

आता अख्ख्या मैदानाला कळलं. जो तो ओरडायला लागला, "पाडलेल्यानं नाही! अरे, पाडलेल्यानं नाही!" आल्मुट बाकावर चढली आणि त्या सगळ्यांच्या वर आवाज काढून किंचाळली, "मार तू, हेनिंग!"

त्यानं मारला. चेंडू गोलवरून गेला, कुंपणावरून गेला आणि पलीकडच्या परसबागांत कुणाच्या तरी वाफ्यात जाऊन पडला. क्लब दुसऱ्या लीगमधून खाली गेला.

सोमवारी पेपरात पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात नाव: ल्युटके! चौदा वर्षांत पहिल्यांदा. फोटोही होता, डोक्याला हात लावून उभा असलेला.

हेनिंगनं खिडकीची झडप खाली ओढली आणि आठवडाभर घराबाहेर पाऊल टाकलं नाही. वीबकेला शाळेत पोरांनी चिडवलं, तिनं एकाला ढकलून दिलं. आल्मुट तलावावर गेली की आया एकदम हवापाण्याचं बोलायला लागायच्या. तिला वाटत होतं, आपणच याला सुळावर चढवला. शेवटी एका दुपारी ती त्याच्यासमोर येऊन बसली.

"चुकतो रे माणूस. आधी चार-दोन मारल्या असत्यास तर सवय असती. ती मेली रीत…"

"रीतीला शिव्या नको देऊस," हेनिंग म्हणाला.

"का? अजून पुळका आहे तिचा?"

"मला कधी मारायचीच नव्हती, आल्मुट. चेंडू तिथं ठेवला की माझे पाय लटपटतात. सगळे आपल्याकडे बघत असतात. लाथ खाल्लेली परवडते. रीत होती म्हणून बरं होतं. चेंडू देऊन टाकला की सुटलो, आणि वर लोक म्हणायचे, शहाणा खेळाडू आहे."

आल्मुट ताडकन उठली. मग जी भडकली!

"म्हणजे भीती? नुसती भीती? आठ घरं बदलली मी! पोरीच्या शाळा बदलल्या! चौदा वर्षं मी सगळ्या जर्मनीच्या नावानं खडे फोडतेय, आणि चोर माझ्याच घरात बटाटे सोलतोय! एकदा, एकदा तरी बोलायचं होतंस!"

"तू असं ओरडली असतीस."

"ओरडलेच असते! मग?"

मग काय? मग ती रडली, आणि रडता रडता त्याच्या घोट्याला बर्फ लावला, कारण तो अजून सुजलेला होता. चीड होती ती होतीच, पण घोट्यानं काय पाप केलं होतं?

जून संपता संपता क्लब फुटला. फोल्कमार दक्षिणेला गेला, कोच गेला, ज्याला कुठंही जागा मिळाली तो गेला. एका संध्याकाळी डीकहोफ कागदात गुंडाळलेलं सॉसेज घेऊन दारात उभे राहिले. आत आले, खुर्चीत बसले आणि घाम पुसत म्हणाले, "पळाले सगळे लेकाचे. तिसऱ्या लीगमध्ये खेळायला मला अकरा माणसं तरी हवीत. पगार निम्मा. पण वचन देतो, पाय चालतात तोवर खेळ, मग पोरांना शिकव. राहतोस?"

आल्मुट बशा आणायला उठली. हेच तर हवं होतं तिला! आणि हा बाबा म्हणाला, "विचार करून सांगतो."

डीकहोफ गेल्यावर तो म्हणाला, "डॅन्यूब नदीकडच्या एका क्लबचा फोन आला होता. जाऊ या. या गावात मी तोंड कसं दाखवू?" आणि उठून, लग्नानंतर पहिल्यांदाच, स्वतः तळघरातून खोकी घेऊन वर आला.

आता काय म्हणावं या माणसाला! गेली चौदा वर्षं लोक हाकलत होते, तेव्हा हा हसत निघायचा. आता लोक राहा म्हणताहेत, तर याला जायचंय!

आल्मुटनं आदळआपट केली नाही. शनिवारी सकाळी तिनं त्याच्या अंगावर पिशवी फेकली. "चल. पाव आणायचेत."

"तू आण ना."

"तू आणशील. मी मागं उभी राहीन. तोंड दाखवता येत नाही म्हणतोस ना? दाखवून तर बघ. तिथं कुणी तुझ्या तोंडावर थुंकलं, तर घरी येऊन खोकी मी भरते, एक शब्द न बोलता. पण नाही थुंकलं तर राहायचं."

हार्म्सबाईंच्या बेकरीत शनिवारी सकाळी पाऊल ठेवायला जागा नसते. घंटी वाजली, हेनिंग आत आला आणि सगळं दुकान चिडीचूप. रांग मुकाट पुढं सरकत राहिली. हेनिंगचे कान लाल झाले. आल्मुटला वाटलं, संपलं. थुंकले असते तर परवडलं असतं, पण हे!

त्याचा नंबर आला. हार्म्सबाईंनी चिमटा खाली ठेवला आणि दोन्ही हात कमरेवर घेतले.

"ल्युटके, तो चेंडू माझ्या भावाच्या स्ट्रॉबेरीत पडला. अर्धा वाफा गेला!"

"माफ करा," हेनिंग पुटपुटला.

"स्ट्रॉबेरीचं सोडा हो!" मागून एक म्हातारा खेकसला. "अंग मागं कशाला झुकवलंत? मागं झुकलं की चेंडू वर जाणारच! माझी नात सांगेल!"

"आणि एवढं लांबून धावत यायचं कशाला?" दुसरी एक बाई म्हणाली. "गाडी पकडायची होती का?"

"अहो, पाय ठणकत होता माझा!" हेनिंग एकदम ओरडला. घरी इतकी वर्षं न चढलेला त्याचा आवाज बेकरीत चढला. "तुम्ही मारून दाखवा बरं सुजलेल्या घोट्यानं!"

"म्हणूनच तर!" सगळं दुकान एका सुरात गरजलं. "म्हणूनच पाडलेल्यानं मारायची नाही!"

मग जो गलका झाला त्याला तोड नाही. प्रत्येकाला काही तरी सांगायचं होतं. म्हाताऱ्यानं काठीनं पाय कसा टेकवायचा ते दाखवलं. कुणी म्हणालं, हिवाळ्यातल्या त्या दोन पेनल्ट्या तुम्हीच मिळवल्यात, तेवढ्यावर तर आपण शेवटच्या सामन्यापर्यंत तगलो. कुणी म्हणालं, तगलो कुठं? बुडालोच ना शेवटी! हेनिंग हातवारे करत भांडत होता, मोजा खाली करून घोटा दाखवत होता. आल्मुट दाराशी उभी राहून ऐकत होती. आठ गावांत तिच्या नवऱ्याला असं कुणी झापलं नव्हतं. झापायला आधी माणूस ओळखावा लागतो. तिचे डोळे भरून आले, आणि मेलं हसूही आवरेना.

"बरं, बास!" हार्म्सबाईंनी चिमटा उचलला. "मागं रांग आहे. ल्युटके, तुम्ही उशिरा येता, तोवर खसखशीचे पाव संपतात. शनिवारचे बाजूला काढून ठेवत जाऊ का? सहा?"

"चालेल."

"आणि कधीपर्यंत ठेवू? ऑगस्टपर्यंत? तुम्ही खेळाडू मंडळी, आज इथं तर उद्या तिथं."

दुकान पुन्हा गप्प झालं. सगळे हेनिंगकडे बघत होते. आल्मुटनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिला दिसलं की त्याचे गुडघे लटपटताहेत.

"कायमचे ठेवा," हेनिंग म्हणाला.