कोरडी आहे, खुशाल आहे

आमच्या आबांना गल्लीत सगळे 'भोंगा' म्हणत. आबा म्हणजे माझे सासरे. मिलच्या विणाई खात्यात, मागांच्या खडखडाटात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी 'चहा टाक' म्हटलं की अर्ध्या सुदामानगरात आधण चढावं, असा आवाज. शेजारच्या वहिनी हात जोडून यायच्या. "आबाजी, जरा धीरे बोलत जा ना, मुन्ना आत्ताच सोया आहे!" आबा हसून मान डोलवायचे आणि पुढचं वाक्य त्याच पट्टीत म्हणायचे. मिल बंद पडली, तिथला भोंगा गप्प झाला, पण आमच्या घरचा चालू आहे, असं माझा नवरा म्हणायचा आणि आम्ही हसायचो.

मिल बंद पडली त्याच वर्षी मुक्ता झाली. सासूबाई आधीच गेलेल्या. नवऱ्याच्या देवासच्या कारखान्यातही आज याला काढलं, उद्या त्याला, असं चाललेलं. घर माझ्या शाळेच्या नोकरीवर उभं होतं, त्यामुळे रजा संपताच मुक्ताला आबांवर सोपवून मला जावं लागलं. पोरगी इतकी लहानखुरी की उचलताना माझाच जीव घाबरा व्हायचा. शाळेत फळ्याकडे वळले की लिहायचं सोडून घड्याळाकडे बघायची. परतताना टेंपो आमच्या गल्लीत वळला की मी आधी दारासमोर माणसं जमलीत का, ते बघायची.

दारात आबा असायचे. माझा चेहरा बघून, मी विचारायच्या आतच ओरडून सांगायचे, "कोरडी आहे, खुशाल आहे!" दोन्ही त्यांच्या लेखी एकच होतं.

लंगोटांचं सगळं खातं त्यांच्याकडे होतं. आयुष्यभर नवं कापड विणलेला माणूस, पण नातीला नवं कापड लावू देत नव्हता. "खळ असते त्यात, सूनबाई. बाळाला चावतं." जुनी धोतरं ते पुन्हा पुन्हा उकळायचे आणि वाळली की गालावर फिरवून बघायचे. हाताला घट्टे पडल्यामुळे मऊपणा त्यांना गालानेच कळायचा. एवढं करून मुक्ता निजली की आपला पंजा तिच्या खाली सरकवून बसायचे. ओल लागली की लगेच लंगोट बदलायचा. मला वाटायचं, म्हातारा फार टापटिपीचा आहे.

तेव्हा बाजारात नवीन नवीन वस्तूंचा पूर आला होता. माझ्या नणंदेने मुंबईहून तयार डायपरचं एक पुडकं पाठवलं. आबांनी त्यातला एक उलटसुलट करून पाहिला, गालाला लावला. "मऊ आहे. पण टाकायचा कुठे? गाय खाईल हा." मग तो घडी करून परत ठेवला आणि जरा हळू म्हणाले, "आणि ओलं झाल्याचं बाहेर कळणार कसं?" नवरा म्हणाला, "तीच तर खुबी आहे, आबा. तुमचं धुणं वाचेल." एके सकाळी निघण्यापूर्वी त्यानेच हौसेने तो मुक्ताला बांधला.

त्या दुपारी गल्लीच्या तोंडाशीच मला रडणं ऐकू आलं. रडणं कसलं, घसा बसून नुसती खरखर उरली होती. मी धावत सुटले. दार उघडंच होतं. मुक्ता गोधडीवर लालबुंद, हातपाय झाडतेय, आणि आबा तिच्याकडे पाठ करून शांतपणे वाटाणे सोलतायत. डावा पंजा मागे, तिच्या खाली. मी किंचाळले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

त्या क्षणी मला सगळं समजलं. मी त्यांच्या समोर गेले तेव्हा माझं तोंड बघून ते म्हणाले, "कोरडी आहे." मग वळून त्यांनी तिला पाहिलं.

तिला जुलाब झाले होते आणि सगळं त्या डायपरच्या आतच राहिलं होतं. कातडी सोलून निघालेली. संध्याकाळी अंग तापलं. दवाखान्यात त्या इवल्याशा हाताला सुई टोचताना नवऱ्याने डोळे मिटून घेतले होते. मला मिटता येत नव्हते. मिटले की पुन्हा उघडल्यावर ती नसेल, असं वाटायचं.

ती वाचली. घरी आणल्यावर आबा दाराबाहेरच उभे राहिले. "पाय मारत होती, सूनबाई. मला वाटलं, खेळतेय." मग पहिल्यांदाच अगदी हळू बोलले. "मिलमध्ये असताना वाटायचं, मागांच्या आवाजामुळे ऐकू येत नाही. माग बंद पडले, तरी येईना. कुणाला सांगू? तुम्ही पोरीला दुसरीकडे ठेवली असती." तिच्याकडे बघत म्हणाले, "आता ठेवाच. मला भीती वाटते."

भीती मलाही वाटत होती. पण ठेवणार कुठे? आणि खरं सांगायचं तर, तिच्यासाठी इतकं घाबरणारं दुसरं माणूस मला कुठे मिळालं असतं? ओठ मोठे हलवून मी म्हटलं, "आबा, उद्यापासून लंगोटच. आणि तुम्ही तिच्याकडे तोंड करून बसा." ते बसले. त्यानंतर त्यांनी तिच्याकडे कधी पाठ केली नाही. भाजी निवडताना, जेवताना, डोळे तिच्यावरच.

मुक्ताही शिकली. रडून इथे काही होत नाही, समोर जावं लागतं, हे तिला चालायच्या आधीच उमगलं असावं. पडली, लागलं, तरी ती तोंडातून आवाज काढायची नाही. रांगत जायची आणि आबांच्या हातावर थापटी मारायची. मग माझ्यापाशीही तसंच. शेजारच्या वहिनी म्हणायच्या, "ताई, किती समजदार बच्ची आहे!" मला मात्र त्या गप्प पोरीची भीती वाटायची.

आबा गेले तेव्हा ती शाळेत जाऊ लागली होती. सगळं घर रडत होतं, ती नाही. नेहमीसारखी त्यांच्या समोर जाऊन उकिडवी बसली, हातावर थापटी मारली, आवाज न करता ओठ मोठे हलवून काहीतरी म्हणाली आणि ते बघतील म्हणून थांबली. पुन्हा थापटी मारली. मग माझ्याकडे वळली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या लेकीला मोठ्याने रडताना ऐकलं.